चूक नकलेत की मुळात?

तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित आपापली हस्तलिखिते काखोटीला मारून इटलीत पळाले आणि युरोपात प्रबोधन सुरू झाले. हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केले आहे आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांकडून पाठ करून घेतलेही आहे. आम्हीही घेतले आहे. शहर पडले ते साल १४५३.

पण फ्लॉरेन्स शहराने मान्युएल ख्रिसोलोरास या ग्रीक पंडिताला पगारी शिक्षक म्हणून नेमले ते १३९७ मध्ये, म्हणजे या घटनेच्या छप्पन्न वर्षे आधी. तो पळून आलेला नव्हता. शहराचा चान्सलर कोलुच्चो सालुताती याने त्याला आमंत्रण पाठवून बोलावून घेतले होते. ग्रीक शिकण्याची भूक इटलीत आधीच लागलेली होती. पेत्रार्क या कवीला १३५४ च्या सुमारास होमरच्या काव्याचे ग्रीक हस्तलिखित भेट मिळाले होते. ते त्याला वाचता येत नव्हते, तरी त्याने ते जपून ठेवले. ख्रिसोलोरासने फ्लॉरेन्समध्ये जेमतेम तीन वर्षे शिकवले. त्याच्या वर्गात लिओनार्दो ब्रूनी नावाचा कायद्याचा एक विद्यार्थी होता. कायदा सोडावा की ग्रीक, अशा पेचात तो सापडला. त्याने हिशेब केला, की कायद्याचे शिक्षक गल्लोगल्ली मिळतील, ग्रीकचा शिक्षक मात्र हा एकच. त्याने ग्रीक धरले आणि पुढे अॅरिस्टॉटलची लॅटिन भाषांतरे केली.

तेव्हा या हकिकतीची सुरुवात एका पाडावापासून नव्हे, तर एका वर्गापासून करणे अधिक बरोबर ठरेल. ‘ह्युमनिस्ट’ या शब्दाचेही तसेच आहे. आपण त्याचे भाषांतर ‘मानवतावादी’ असे करतो आणि दयाळू, उदार, माणसाला केंद्रस्थानी मानणारा असे काहीतरी चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मुळात ‘उमानिस्ता’ हा इटालियन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या बोलीतला शब्द होता. कायदा शिकवणारा तो ‘जुरिस्ता’, तसा व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिविचार हे पाच विषय शिकवणारा तो ‘उमानिस्ता’. म्हणजे भाषेचा मास्तर! ‘ह्युमॅनिझम’ हा वाद तर १८०८ मध्ये नीटहामर नावाच्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने नाव देऊन रूढ केला. चौदाव्या-पंधराव्या शतकात असा कुठलाही वाद कोणी मांडत नव्हते. जुने ग्रंथ शोधणे, ते नीट वाचणे आणि मुलांना वाचायला शिकवणे हा त्यांचा उद्योग होता.

भाषेच्या मास्तरांचा हा उद्योग विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्यासाठी आधी ‘नीट वाचणे’ म्हणजे काय ते पाहू.

छपाई येण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक हे कोणीतरी हाताने केलेली नक्कल असे, आणि ती नक्कलही दुसऱ्या नकलेवरून केलेली असे. याचा परिणाम काय होतो ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे. दहा-बारा ओळींचा, जरा अनोळखी शब्द असलेला उतारा एका मुलाला नक्कल करायला द्या. दुसऱ्याने पहिल्याची नक्कल पाहून लिहायचे, तिसऱ्याने दुसऱ्याची. मूळ उतारा लपवून ठेवायचा. एका शिबिरात आम्ही हा खेळ शिक्षकांनाच दिला होता. उताऱ्यात एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींच्या शेवटी होता. चौथ्या नकलकाराची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर घसरली आणि मधली ओळ गळाली. पुढच्या सहा जणांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही, कारण जे उरले होते ते वाचायला ठीकच वाटत होते. सातव्या बाईंनी तर एक अपरिचित शब्द ‘चुकला आहे’ असे समजून सुधारला. तो बरोबर होता! मोठ्या मंडळींची ही गत, मग हजार-बाराशे वर्षे नकला होत आलेल्या ग्रंथांचे काय झाले असेल?

इटालियन पंडितांनी यावर जी युक्ती शोधली ती साधी होती. एकाच ग्रंथाच्या जितक्या मिळतील तितक्या प्रती गोळा करायच्या आणि ओळीला ओळ ताडून पाहायची. त्यासाठी पोज्जो ब्राचोलिनीसारखा माणूस मठामठांतून हिंडला. १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टन्स येथे धर्मसभा भरली होती. पोज्जो तेथे पोपच्या कचेरीतला नोकर म्हणून गेलेला होता. सभेचे काम रेंगाळले, की तो आसपासच्या मठांच्या ग्रंथालयांत घुसे. सेंट गॅलच्या मठात त्याला १४१६ मध्ये क्विंटिलियनचा शिक्षणावरचा संपूर्ण ग्रंथ सापडला आणि पुढच्या वर्षी एका जर्मन मठात ल्युक्रेशियसचे अणूंविषयीचे काव्य.

नुसत्या प्रती मोजून भागत नाही, हे पुढे फ्लॉरेन्सच्या पोलित्सियानोने दाखवले. सिसरोच्या पत्रांच्या एका जुन्या प्रतीत बांधणाऱ्याने पाने मागेपुढे शिवली होती. इतर अनेक प्रतींत मजकुराचा नेमका तोच घोळ दिसत होता. त्यावरून पोलित्सियानोने १४८९ मध्ये निष्कर्ष काढला, की त्या साऱ्या प्रती या एकाच प्रतीवरून उतरलेल्या आहेत, म्हणून त्यांची साक्ष वेगळी धरता येत नाही. दहा साक्षीदार एकाच माणसाकडून ऐकून बोलत असतील तर ते दहा नव्हेत. प्रयोगशाळेत दहा निरीक्षणे एकाच बिघडलेल्या तराजूवर घेतली तर काय होते, हे विज्ञानशिक्षकांना सांगायला नको.

ही युक्ती निरुपद्रवी राहणे शक्य नव्हते. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान केले, अशी एक सनद पोपच्या राजसत्तेचा आधार म्हणून दाखवली जाई. लोरेन्झो व्हाल्लाने १४४० मध्ये ती सनद व्याकरणाच्या मास्तराच्या नजरेने वाचली. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या लेखात ‘सत्रप’ हे अधिकारी कसे आले? कॉन्स्टँटिनोपल वसण्यापूर्वीच्या लेखात त्या शहराच्या धर्मपीठाचा उल्लेख कसा? लॅटिन भाषाही त्या काळची नव्हे. सनद बनावट होती. व्हाल्ला तेव्हा नेपल्सच्या राजाच्या पदरी होता आणि राजाचे पोपशी भांडण चालू होते, हेही सांगितले पाहिजे. सत्य बोलायला त्याला सोयीची जागा मिळाली होती. तरीही १४४४ मध्ये तो धर्मन्यायसभेच्या चौकशीत अडकला आणि राजाने मध्ये पडून त्याला सोडवले. पुढे तो पोपच्याच नोकरीत गेला. इतिहासात असेही होते!

आता ही विद्या आल्प्स ओलांडून कशी गेली? आपल्या पुस्तकांत एकच उत्तर असते, छापखाना. ते खोटे नाही. जर्मनीत निघालेला छापखाना १४६५ च्या सुमारास इटलीत पोचला आणि व्हेनिसच्या आल्दुस मानुशियसने १४९५ पासून ग्रीक ग्रंथांची रांगच लावली. अॅरिस्टॉटलचे पाच खंड तीन वर्षांत निघाले. १४९९ मध्ये त्याने डायोस्कोरिडीसचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये छापला. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पण छापखान्याच्या जोडीला माणसे होती. इंग्रज टॉमस लिनेकर फ्लॉरेन्सला ग्रीक शिकला, पादुआला वैद्य झाला आणि घरी परतून त्याने १५१८ मध्ये लंडनचे वैद्यांचे कॉलेज स्थापन केले. स्पेनचा आंतोनियो द नेब्रिहा बोलोन्यात अनेक वर्षे राहून परतला. पोलंडहून कोपर्निकस १४९६ मध्ये बोलोन्याला आला तो धर्मशास्त्रीय कायदा शिकायला. परत जाताना ग्रीकही घेऊन गेला. १५०९ मध्ये त्याने क्रॅकोला छापलेले पहिले पुस्तक खगोलशास्त्राचे नाही, ग्रीक पत्रांचे लॅटिन भाषांतर आहे. पृथ्वी फिरते असे मानणारे कोणी पूर्वी झाले होते का, हे त्याने जुन्या ग्रंथांत शोधले आणि सिसरोमध्ये त्याला तसा एक ग्रीक सापडला, असे तो १५४३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो.

या सगळ्यांत इरॅस्मसची हकिकत आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. १५०४ मध्ये लुव्हेन शहराजवळच्या एका मठाच्या ग्रंथालयात त्याला व्हाल्लाचे एक विसरलेले हस्तलिखित सापडले. त्यात व्हाल्लाने बायबलच्या नव्या कराराची प्रचलित लॅटिन प्रत ग्रीक प्रतींशी ताडून चुका टिपल्या होत्या. सनद तपासण्याची तीच युक्ती, पण आता धर्मग्रंथावर. इरॅस्मसने पुढच्याच वर्षी ते पॅरिसला छापले आणि १५१६ मध्ये बाझेल येथून नव्या कराराची स्वतःची ग्रीक आवृत्ती काढली. हाताशी प्रती मोजक्याच होत्या आणि घाई फार. शेवटच्या प्रकरणासाठी एकच ग्रीक प्रत होती आणि तिचे शेवटचे पान फाटलेले. मग या चिकित्सक पंडिताने काय करावे? लॅटिनवरून ती सहा वचने स्वतःच ग्रीकमध्ये भाषांतरित करून घुसडली! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीविषयीचे एक प्रसिद्ध वचन मात्र ग्रीक प्रतींत नाही म्हणून त्याने वगळले होते. त्यावर एवढी ओरड झाली, की तसे वचन असलेली एक ग्रीक प्रत पुढे येताच, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले. ती प्रत अगदी ताजी लिहिलेली होती.

येथपर्यंत सगळी चिकित्सा शब्दांची होती. जुने ग्रीक ग्रंथकार बरोबरच आहेत, मधल्या नकलकारांनी घाण केली, ती धुऊन काढली की शुद्ध ज्ञान हाती येईल, अशी या सर्वांची श्रद्धा होती. पण ती श्रद्धा कधीतरी अडणारच होती. ती अडली वनस्पतींपाशी.

रोमन ग्रंथकार प्लिनीचा निसर्गविषयक ग्रंथ म्हणजे त्या काळचा विश्वकोश. व्हेनिसच्या एर्मोलाओ बार्बारोने १४९२-९३ मध्ये त्यातल्या हजारो चुका दुरुस्त करून छापल्या आणि सगळा दोष नकलकारांच्या माथी मारला. त्याच १४९२ साली फेरारा येथील वैद्यकाचा प्राध्यापक निक्कोलो लिओनिचेनो याने वेगळेच म्हटले. ग्रीकमध्ये ‘किस्सोस’ म्हणजे आयव्हीची वेल आणि ‘किस्थोस’ हे एक निराळे झुडूप. प्लिनीने दोन्हींची गल्लत केली आहे. ही नकलकाराची चूक नव्हे, स्वतः प्लिनीची चूक आहे. विद्वानांनी कानांवर हात ठेवले. लिओनिचेनोचे म्हणणे असे, की हा वाद शब्दांचा नाही, वस्तूंचा आहे, आणि वैद्याने झाड चुकीचे दिले तर रोगी मरतो.

प्रश्न सरळ होता. चूक नकलेत आहे की मुळात? आणि एकदा मुळात चूक असू शकते असे म्हटले, की दहा काय, शंभर प्रती ताडूनही उत्तर मिळत नाही. ते झाड पाहावे लागते. स्वतः लिओनिचेनो येथपर्यंत पुरता गेला नाही. प्लिनीला खोटे ठरवून तो ग्रीकांकडे वळला, कारण ग्रीक चुकत नाहीत असे त्याला वाटे. पण दार उघडले गेले होते. पुढे १५४४ च्या सुमारास पिसाला आणि १५४५ मध्ये पादुआला विद्यापीठांच्या वनस्पती-बागा सुरू झाल्या.

गंमत अशी, की ही विद्या जितकी इटलीपासून दूर गेली, तितकी ही अडचण वाढत गेली. डायोस्कोरिडीसने पूर्व भूमध्य भागातल्या वनस्पती लिहिल्या होत्या. त्याचे पुस्तक हातात घेऊन जर्मन पंडित ऱ्हाईनकाठच्या कुरणात उभा राहिला तर त्याला काय दिसणार? पुस्तकातली निम्मी झाडे तेथे नाहीत आणि तेथली झाडे पुस्तकात नाहीत. स्ट्रासबर्गच्या ओटो ब्रुन्फेल्सने १५३० मध्ये वनस्पतींचे एक पुस्तक काढले. त्यातली चित्रे हान्स वायडिट्झ या चित्रकाराने प्रत्यक्ष झाडे समोर ठेवून काढली होती, किडीने खाल्लेल्या आणि कोमेजलेल्या पानांसकट. ज्यांना ग्रीक-लॅटिन नाव नाही त्या वनस्पतींना ब्रुन्फेल्स ‘उघड्यानागड्या’ म्हणतो. अशांपैकी एकीचे चित्र त्याला छापावे लागले, कारण लाकडी ठसा कोरून तयार होता! पंडिताची नजर अजून पुस्तकावर होती, चित्रकाराची झाडावर.

शरीराच्या बाबतीतही तेच झाले. ब्रसेल्सचा व्हेसॅलियस हा काही पुस्तके झुगारणारा माणूस नव्हता. गॅलनच्या ग्रंथांची जी शुद्ध आवृत्ती १५४१ मध्ये व्हेनिसला निघाली, तिच्या संपादनात त्याचा हात होता. गॅलन इतका बारकाईने वाचल्यामुळे आणि पादुआला प्रेते स्वतः चिरल्यामुळे त्याला कळले, की गॅलनचे वर्णन अनेक ठिकाणी माकडाच्या शरीराचे आहे. माणसाचा खालचा जबडा एकसंध हाडाचा असतो, दोन हाडांचा नाही. १५४३ मध्ये हे छापून आल्यावर पॅरिसचे त्याचे जुने गुरुजी सिल्व्हियस खवळले. ते स्वतः ग्रीकचे पंडित. त्यांचे उत्तर होते, की गॅलन चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसाचे शरीरच बदलले आहे. या उत्तराला हसण्याआधी आपण थोडे थांबावे. प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, की ‘उपकरण खराब आहे’ असे आपण मुलांना किती वेळा सांगितले आहे?

आता शेवटचा टप्पा, आणि तो आपल्या अगदी जवळ येतो. बोलोन्याहून परतलेला नेब्रिहा उतारवयात आल्काला विद्यापीठात शिकवत होता. १५१८ मध्ये तेथेच त्याने डायोस्कोरिडीसची लॅटिन आवृत्ती काढली. त्याच सुमारास सालामांका आणि आल्काला येथे गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज तरुण वैद्यक शिकत होता. १५३४ मध्ये तो गोव्याला आला तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, तेथील हकिमांशी चर्चा केल्या. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ मध्ये त्याने गोव्यातच भारतीय औषधींवर पोर्तुगीज भाषेत एक संवादरूप पुस्तक छापले. त्यात दोन पात्रे आहेत. एक ओर्ता आणि दुसरा नुकताच बोटीतून उतरलेला काल्पनिक मित्र रुआनो. हाही आल्कालाचाच; ग्रीक ग्रंथ तोंडपाठ असलेला. आमच्या मते रुआनो म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा ओर्ताच. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती, अशा अर्थाचे तो एके ठिकाणी म्हणतो.

एक उदाहरण पाहू. डायोस्कोरिडीस ‘मालाबाथ्रॉन’ नावाच्या भारतीय पानाबद्दल लिहितो, की ते हिंदुस्थानातल्या दलदलीत पाण्यावर तरंगते आणि त्याला मूळ नसते. युरोपातल्या पंडितांनी या वाक्याच्या सगळ्या प्रती ताडल्या असत्या तरी वाक्य तेच राहिले असते. ओर्ता सांगतो, की हे पान पाण्यावर नव्हे, झाडावर येते आणि येथले लोक त्याला तमालपत्र म्हणतात. ग्रीकांनी त्याच नावाचा अपभ्रंश केला. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातले तमालपत्रच! भाषातज्ज्ञांचा तर्क असा आहे, की ग्रीकमध्ये ‘ता’ हा अनेकवचनी उपपद म्हणून येतो. म्हणून ‘तमालपत्र’ ऐकणाऱ्या ग्रीकाने पहिले अक्षर उपपद समजून सोडून दिले. पंधराशे वर्षांची ती चूक नकलकाराची नव्हती. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या मूळ ग्रंथकाराची होती, आणि ती कळायला झाड माहीत असलेला, बोली ऐकणारा माणूस लागला. पटकीच्या रोगाचे वर्णन करतानाही ओर्ता प्रथम येथले नाव देतो. ते ‘मोडशी’ आहे हे त्याच्या रोमन लिपीतूनही आपल्याला ओळखू येते.

ओर्ताचे सगळेच बरोबर होते असे नाही, आणि गोव्याच्या छापखान्याने त्याचे पुस्तक छापले ते चुकांनी भरलेले. शेवटी शुद्धिपत्राची लांबलचक यादी आहे. पण १५६४ मध्ये लिस्बनला आलेल्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती ते पडले. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर आटवला आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून लॅटिन सारांश छापला. इटलीहून निघालेली विद्या गोव्याला येऊन, एका झाडाची खबर घेऊन, अशी परत गेली.

ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू. सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी गोव्याच्या धर्मन्यायसभेने त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळले. १५८० मध्ये ओर्तावर मरणोत्तर खटला चालवून त्याची हाडे उकरून काढली आणि तीही जाळली. तेव्हा त्याच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश अँटवर्पला पुन्हा पुन्हा छापला जात होता.